तळेगावची फुले आणि घरची फुलदाणी

बडोद्याच्या आमच्या जुन्या वाड्यात फुलदाणी नव्हती. असण्याचे कारणही नव्हते. मागल्या दारी तगर, जास्वंद आणि प्राजक्त होते, विहिरीच्या कडेला मोगऱ्याची दोन झाडे होती. पहाटे आई परडी घेऊन बाहेर पडे आणि ऊन वर येण्यापूर्वी ती भरून परत येई. फुले देवाला वाहिली जात, एखादे वेणीत जाई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निर्माल्य होई. फूल एका दिवसाहून अधिक टिकावे अशी अपेक्षा त्या घरात कोणी कधी केली नाही. देवापुढचे फूल शिळे झाले की ते उचलावयाचे आणि ताजे ठेवावयाचे, एवढाच काय तो हिशेब.

पुढे वाडा गेला आणि त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहावयास आलो. आईने गच्चीत चार कुंड्या मांडल्या व त्यांवर समाधान मानले. मात्र दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली, मांडीचे हाड मोडले आणि तेव्हापासून तिचे जग एका खाटेपुरते व एका खिडकीपुरते उरले. त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत तेवढी दिसते. निदान डोळ्यांपुढे चार फुले असावीत म्हणून आम्ही उभयतांनी एक काचेची फुलदाणी आणली आणि आठवड्यातून दोनदा खंडेराव मार्केटातून गुलाब आणू लागलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांतल्या निम्म्यांनी मान टाकलेली असे. पाकळ्या तशाच ताज्या, रंग तोच. पण देठ कळीखाली मोडल्यासारखा वाकलेला. आई ते दिवसभर पाहत पडून राही. एके दिवशी ती म्हणाली, "अरे, मान टाकलेलं फूल माणसाच्या उशाशी ठेवू नये."

त्यानंतर आम्ही फुलदाणी कपाटात ठेवून दिली.

ती पुन्हा बाहेर निघाली ती २०२४ च्या जानेवारीतील एका प्रवासामुळे. आमच्या पुतणीचे सासर पवन मावळातले. तिचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, गेली अनेक वर्षे हरितगृहात गुलाब काढतात. लग्नानंतर त्यांनी चारदा बोलावले होते आणि आम्ही चारदा टाळले होते. या खेपेस आमच्या धाकट्या बहिणीने आईजवळ आठवडाभर राहण्याचे कबूल केले आणि आम्ही रात्रीच्या गाडीने निघालो. रिकाम्या हाताने व्याह्यांकडे जाणे बरे नव्हे, म्हणून बरोबर अमलसाडच्या चिकूंची एक पेटी घेतली. या पेटीने पुढे आमची चांगलीच फजिती केली, पण ते मागाहून.

कर्जतला जाग आली तेव्हा गाडी घाट चढण्याच्या तयारीत होती. खंडाळ्याचा घाट पावसाळ्यातच पाहावा असे सर्व सांगतात. परंतु जानेवारीच्या पहाटे धुके दरीत साचलेले असते आणि बोगद्यातून बाहेर पडताच अंगावर जो गारवा येतो, त्याचेही एक सुख आहे. लोणावळ्यास उतरून आम्ही पुण्याची लोकल धरली. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव आणि मग तळेगाव. वडगाव येताच ग्वाल्हेरच्या वाचकांची आठवण झाली. १७७९ च्या जानेवारीत याच ठिकाणी महादजी शिंद्यांसह मराठी फौजेने इंग्रजांना कोंडीत धरून तह करावयास लावले.

आम्हां बडोदेकरांचे मात्र तळेगावशी नाते याहून घरगुती. गायकवाडांचे घराणे उदयास आले ते सेनापती दाभाड्यांच्या पदरी. खंडेराव दाभाड्यांच्या हाताखाली दमाजी गायकवाडांनी १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईत नाव मिळवले, त्यांचे पुतणे पिलाजी गुजरातेत उतरले आणि पुढचा इतिहास आपल्या शहराच्या रस्त्यारस्त्यांवर लिहिलेला आहे. १७३१ मध्ये डभईजवळच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले. ती डभई आमच्या घरापासून काही फार दूर नाही. ज्या गावातून आपली बखर सुरू होते ते गाव आपण आयुष्यात एकदाही पाहिलेले नसावे, याची थोडी लाज वाटली. व्याही स्थानकावर घ्यावयास आले होते. त्यांना सांगून आधी बनेश्वराच्या देवळाकडे गेलो आणि खंडेरावांच्या समाधीचे दर्शन घेतले. सकाळची वेळ होती, आवारात कोणी नव्हते. समाधीवर कोणीतरी झेंडूची दोन फुले ठेवली होती, तीही आदल्या दिवसाची.

तळेगावची दुसरी ओळख काचेची. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये येथे काचेचा कारखाना निघाला. स्वदेशीच्या त्या दिवसांत त्याचे केवढे अप्रूप होते ते आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेले होते. काच आणि फूल यांचा एका गावात असा योग आला आहे, हे व्याह्यांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "दादा, काच कशीही असू द्या, ती धुतलेली असली म्हणजे झाले. फुलदाणीत फूल मरते ते नव्वद टक्के घाणीने." नव्वदाचा आकडा त्यांच्या बोलण्यातला, तो आम्ही शास्त्र म्हणून देत नाही. पण त्यांच्या म्हणण्याचा अर्थ दुपारपर्यंत पुरता उमगला.

पवनेच्या धरणाच्या बाजूस गाडी वळली की एका अंगाला तुंग, तिकोना, लोहगड दिसू लागतात आणि दुसऱ्या अंगाला पांढऱ्या छपरांच्या लांबच लांब शेडी. येथले लोक हरितगृहास सरळ शेडच म्हणतात. ज्या मावळात भात आणि नाचणी याखेरीज फारसे काही पिकत नसे, तेथला गुलाब आता परदेशी जातो. उंचावरची थंड हवा, जवळ पुणे व मुंबईचा विमानतळ आणि तळेगावात फुलशेतीचे शिक्षण देणारे केंद्र, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या. त्या केंद्राशेजारीच राज्याच्या पणन मंडळाची सुगीपश्चात तंत्रज्ञानाची संस्था आहे. पीक हाती आल्यानंतर ते सांभाळावे कसे, एवढ्याच विषयाला वाहिलेली संस्था असते हे आम्हांला नवीनच होते.

आम्ही गेलो तो हंगाम धांदलीचा होता. १४ फेब्रुवारीच्या प्रेमदिनासाठी जानेवारीच्या अखेरीपासून फुले परदेशी रवाना होतात. त्यासाठी डिसेंबरातच झाडांची छाटणी तारखेच्या हिशेबाने करावी लागते, कारण छाटल्यापासून कळी तोडणीस येण्यास दीड महिन्याहून थोडा अधिक काळ जातो. थंडी वाढली तर फूल मागे पडते, ऊब वाढली तर पुढे धावते. "मुलीच्या लग्नाला एवढे मुहूर्त पाहिले नव्हते," असे विहीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही शेडीत गेलो. बाया कात्री घेऊन ओळीतून चालत होत्या. आम्हांला वाटले होते की उमललेले फूल तोडत असतील; तोडत होत्या त्या घट्ट मिटलेल्या कळ्या. कळीखालची हिरवी दले नुकती मागे वळू लागलेली असली म्हणजे ती तोडणीस आली. अगदीच कोवळी तोडली तर ती कधी उमलतच नाही, मान टाकते. उशिरा तोडली तर वाटेतच उमलून जाते. प्रत्येक बाईजवळ पाण्याची बादली होती आणि कापलेली दांडी लगेच त्या बादलीत जात होती. आम्ही एक दांडी हातात घेऊन न्याहाळत उभे राहिलो, तेव्हा त्यांतल्या एक मावशी म्हणाल्या, "दादा, बघायचं ते पाण्यात ठिवून बघा. तिला धाप लागती."

धाप हा शब्द आम्हांला फार आवडला आणि व्याह्यांनी तो खरा करून दाखवला. झाडावर असताना पाने बाष्प सोडतात आणि मुळे पाणी वर ढकलतात-ओढतात. दांडी कापली की मुळे सुटली, पण पानांचे बाष्प सोडणे थांबत नाही. कापलेल्या तोंडातून मग पाण्याऐवजी हवा आत ओढली जाते. देठातल्या केसाएवढ्या नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकला की खाली पाणी असूनही ते वर चढत नाही. फूल पाण्यात उभे राहून तहानेने मरते. म्हणून घरी आणलेल्या फुलाची दांडी बोटाच्या दोन पेरांएवढी पुन्हा कापावी, आणि शक्य तर पाण्यात बुडवूनच कापावी, म्हणजे हवेला वाव राहत नाही. काप तिरका घ्यावा. त्यामुळे दांडीचे तोंड फुलदाणीच्या तळाला चिकटून बंद होत नाही. धार चांगली हवी. बोथट कात्रीने देठ चेंगरतो आणि ज्या नळ्या उघडावयाच्या त्याच मिटतात. बडोद्यास आम्ही आजवर भाजीच्या विळीने देठ ठेचून काढीत होतो हे आम्ही त्या क्षणी कोणास सांगितले नाही.

तेथून फुले शीतगृहात जातात. दार उघडताच दोन ते चार अंशांची थंडी अंगावर आली आणि हिच्या चष्म्यावर बाहेर येताना धुके धरले. फूल तोडल्यानंतरही श्वास घेत असते आणि त्या श्वासासाठी पाकळ्यांत व पानांत साठलेली साखर खर्चीत असते. उष्णता दहा अंशांनी वाढली की हा खर्च दुप्पट-तिप्पट होतो. तोडल्यावर दोन तास उन्हात पडलेल्या फुलाने आपली शिदोरी वाटेतच संपवलेली असते. मग फुलदाणीत त्याचे कितीही लाड करा. आमच्या मार्केटातील गुलाब दुसऱ्या दिवशी का जातात याचे अर्धे उत्तर येथे मिळाले. तो दोष काही त्या विक्रेत्याचा एकट्याचा नव्हे.

उरलेले अर्धे उत्तर प्रतवारीच्या खोलीत मिळाले. तेथे बाया लांबीप्रमाणे दांड्या निवडून वीस-वीसची गड्डी बांधत होत्या. चहा घेऊन आलेल्या मुलाने आमची चिकूंची पेटीही तेथेच आणून कोपऱ्यात ठेवली, हेतू हा की कामावरच्या सर्वांना चिकू मिळावेत. व्याह्यांची नजर पेटीकडे गेली मात्र, ते बोलता बोलता उठले आणि आमच्या आहेराची पेटी स्वतः उचलून थेट अंगणापलीकडच्या गोठ्यात नेऊन ठेवली. परत येऊन अत्यंत संकोचाने म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. तुमचे चिकू गोड असतील, पण ते आमच्या मुळावर यायचे." पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते. त्याला ना रंग, ना आपल्याला जाणवेल असा वास. पण त्याच्या संगतीने फुले वेळेआधी म्हातारी होतात. कार्नेशनला तर तो फारच बाधतो; त्याच्या कळ्या मिटतात त्या मिटतातच. गुलाब थोडा सोशिक, तरी त्याच्याही पाकळ्या गळतात. आंबा, केळी, चिकू, सफरचंद सारे यात दोषी. आमच्याकडे आईची खाट ज्या खोलीत आहे, त्याच खोलीत खाटेखाली चिकू पिकत घालण्याची पद्धत आहे आणि वैशाखात तेथेच आंब्यांची अढी असते! फुलदाणी त्यावर हातभर अंतरावर. कोमेजलेले जुने फूलही हा वायू सोडते, तेव्हा फुलदाणीतले एक गेले की ते आधी काढावे. बाकीच्यांसाठी तेवढेच बरे.

रात्री जेवणानंतर आमची शाळा पुन्हा भरली. आम्ही ऐकीव उपाय एकेक काढले आणि व्याह्यांनी एकेक निकालात काढला. पाण्यात तांब्याचे नाणे टाकावे? तांबे जंतूंना मारते हे खरे, पण नाण्यातले तांबे पाण्यात उतरते कुठे! अ‍ॅस्पिरिनची गोळी? पाणी किंचित आंबट होते, पण गुण कधी येतो, कधी येत नाही. साखर? साखर फुलाचे अन्न खरेच, पण ती जंतूंचेही अन्न आहे. नुसती साखर घातली तर तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होते, देठ बुळबुळीत होतो आणि जंतूंच्या बुळक्याने नळ्या तुंबतात. गुलाब मान टाकतो तो बहुधा यामुळेच. म्हणून साखरेबरोबर आंबटपणा हवा आणि जंतुनाशकही हवे. दुकानात फुलांच्या पाण्यात घालण्याची पूड मिळते, तिच्यात याच तीन गोष्टी असतात. ती न मिळाली तर घरगुती प्रमाण हिने विहीणबाईंकडून उतरवून घेतले: एक लिटर पाण्यास साखर एक मोठा चमचा, लिंबाचा गाळलेला रस दोन मोठे चमचे आणि कपडे पांढरे करावयाचे साधे बिनवासाचे ब्लीच पाव छोटा चमचा. मात्र आधी रस व साखर पूर्ण पाण्यात मिसळावी आणि ब्लीच सर्वांत शेवटी घालावे. नुसता लिंबूरस व नुसते ब्लीच एकत्र केल्यास विषारी वायू निघतो. दर दोन दिवसांनी पाणी बदलावे, फुलदाणी आतून घासून धुवावी आणि दांडीचे टोक पुन्हा थोडे कापावे. पाण्याखाली येतील ती सर्व पाने आधीच खुडावीत. पाणी सडते ते त्या पानांमुळे. बोअरच्या जड पाण्यापेक्षा पिण्याचे गाळलेले पाणी बरे.

प्रत्येक फुलाचा स्वभाव निराळा. जरबेराची दांडी मऊ व लवदार, ती खोल पाण्यात कुजते. तिला चार बोटे पाणी पुरे. ती झाडावरून कात्रीने कापीत नाहीत, बाजूस कलवून उपसतात आणि मग बुडाचा कठीण भाग काढून टाकतात, कारण त्यातून पाणी चढत नाही. निशिगंध खालून वर उमलत जातो. खालची फुले गेली की ती खुडीत जावे, वरच्या कळ्यांना साखर लाभते. शेवंती सर्वांत सोशिक. तिची पाने आधी मरगळतात, फूल मागाहून.

बोलता बोलता विहीणबाई म्हणाल्या, "मोगऱ्याला मात्र आमचं शास्त्र लागू नाही. त्याला देठच नाही तर पाणी पाजणार कुठून?" देठाविना खुडलेल्या फुलाचा ओलावा बाहेर जाऊ द्यावयाचा नाही, एवढेच हाती असते. आई गजरा केळीच्या ओल्या पानात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवीत असे. गारवा आणि दमट हवा, शीतगृहातली तीच दोन सूत्रे. हे ऐकून व्याही क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग आईंना आम्ही काय शिकवणार?"

निघताना त्यांनी चाळीस लाल कळ्या बांधून दिल्या. दांड्यांच्या टोकांना ओला कापूस, वर प्लास्टिक आणि सर्वांभोवती वर्तमानपत्र. एक सूचना त्यांनी दोनदा दिली: ही फुले पाहावयाची, यांच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नये, यांवर औषधे मारलेली असतात.

रात्रीचा प्रवास, डब्यातली गर्दी आणि वरच्या फळीवरची ऊब. सकाळी बडोद्यास घरी पोहोचून कागद सोडला तर दहा-बारा कळ्यांनी मान टाकलेली. एवढ्या लांबून आणून तेच चित्र आईपुढे मांडावयाचे, या विचाराने आम्ही खचलो. व्याह्यांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, "टाकू नका. दांड्या कापा आणि फुले आडवी करून कोमट पाण्यात पूर्ण बुडवा, तासभर. मान सरळ धरून."

आडवी बुडवावयाची तर एवढे भांडे कुठले? बहीण म्हणाली, "आईचं घंगाळ!" वाड्यातून आणलेले ते तांब्याचे घंगाळ माळ्यावर पडून होते. ते खाली काढले, चिंच लावून घासले, आईच्या खोलीतच खाटेजवळ ठेवले आणि कोमट पाणी भरले. आई कुशीवर वळून पाहू लागली. त्या घंगाळात तिने आम्हां भावंडांना न्हाऊ घातलेले. लाल कळ्या पाण्यात आडव्या पडल्या आणि आई म्हणाली, "माना धरा रे त्यांच्या. लहान लेकरासारख्या."

तासाभराने बाहेर काढल्या तेव्हा तीन सोडून बाकी सर्व ताठ उभ्या राहिल्या. खाटेखालचे चिकू स्वयंपाकघरात गेले, पंख्याचा झोत वळवला, फुलदाणी घासून खिडकीपासून आत ठेवली. आईने भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकटीत खूण करावयास लावली आणि पुढे रोज सकाळी एक खूण. पाणी बदलण्याच्या दिवशी ती स्वतः आठवण करी. कात्री तिरकी धरली की नाही हे उशीवरून मान उचलून पाही. चौथ्या दिवशी कळ्या पुरत्या उमलल्या. सहाव्या दिवशी शेजारच्या बायका पाहावयास आल्या आणि आईने त्यांना साखर-लिंबाचे प्रमाण तोंडपाठ सांगितले, ब्लीच शेवटी घालण्याच्या ताकिदीसह.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही खूण करावयास गेलो. फुले अजून उभी होती, फक्त बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा काळसर झाल्या होत्या. आईने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले.

"खूप टिकली," ती म्हणाली. "आता काढा ती. आणि गच्चीत तगर फुलली असेल तर दोन फुलं घेऊन ये. आजची."